रॅपच्या अख्ख्या अल्बमकडून तुम्हाला नक्की काय हवं असतं? (माझी गाडी नवव्या नंबरला यायची)

सोळापानी_फर्मा (डोंबिवली)

मंडळी, प्रश्न वर आहे तोच. पण नुसता प्रश्न टाकला की लोक पाच नावं फेकतात आणि पसार होतात, म्हणून आधी माझं सांगतो. जरा लांबेल.

२००३ ची गोष्ट. दादर स्टेशनबाहेर फुटपाथवर चाळीस रुपयांना एक एमपी३ सीडी घेतली. वर मार्करने 'रॅप बेस्ट' एवढंच लिहिलेलं, आत दीडशेच्या वर फायली. माझा डिस्कमन सेकंडहँड. त्या बिचाऱ्याला फायली एबीसीडीप्रमाणे वाजवता यायच्या, बस. त्यात 'नॅस' नावाचा दहा गाण्यांचा एक फोल्डर होता. हा अख्खा अल्बम आहे, त्याला 'इल्मॅटिक' म्हणतात, तो एप्रिल १९९४ मध्ये आला आणि तेव्हा नॅस नावाचा हा न्यूयॉर्कचा रॅपर पोरगा वीस वर्षांचा होता, यातलं मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. फोल्डर चाळीस मिनिटांत संपायचा आणि डोंबिवलीहून फास्टने दादर तेवढ्यात जवळ आलेलं असायचं, एवढीच आमची ओळख.

आता गंमत बघा. एबीसीडीने लावल्यामुळे माझं पहिलं गाणं 'हाफटाइम'. सिनेमाची सुरुवातच मध्यंतराने! दुसरं 'इट एन्ट हार्ड टू टेल', जे खरं तर शेवटचं. आणि 'द जेनेसिस', ज्याच्या नावातच आरंभ आहे, जे त्या अल्बमचं दार आहे, ते 'टी'मुळे नवव्या नंबरला. या 'जेनेसिस'मध्ये गाणं असं नाहीच. न्यूयॉर्कच्या रेल्वेचा खडखडाट, मग पोरांच्या गप्पा. म्हणजे रोज सकाळी विक्रोळी-घाटकोपरच्या मध्ये कुठेतरी माझ्या कानात दुसरी गाडी यायची. पायाखाली एक, कानात एक. दोन्हींचा ठेका कधी जुळायचा, कधी नाही.

मी त्यावर स्वतःची एक गोष्ट रचली होती. पोरगा आठ गाणी आपल्या वसाहतीत फिरतो. मग गाडी येते. तो चढतो. आणि शेवटचं गाणं 'द वर्ल्ड इज युअर्स'. सुटला! जग त्याचं! इंग्रजी निम्मंच कळायचं, त्यामुळे गोष्टीला अडवायला कोणी नव्हतं. चार वर्षं मी या शेवटावर खूश होतो.

२००७ मध्ये काळा घोड्याला ऱ्हिदम हाउसमध्ये ओरिजनल सीडी दिसली. घेतली. मागच्या बाजूला गाण्यांचा क्रम वाचला आणि दुकानातच दोन मिनिटं उभा राहिलो. गाडी पहिली येते. सुरुवातीलाच. तुम्हाला क्वीन्सब्रिजमध्ये उतरवते आणि निघून जाते. नंतर ती परत येतच नाही. क्वीन्सब्रिज म्हणजे सहा-सहा मजल्यांच्या शहाण्णव इमारतींची सरकारी वसाहत, अमेरिकेतली सगळ्यात मोठी. मी नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलोय, त्यामुळे एकसारख्या इमारती ओळीने उभ्या असल्या की मधल्या गल्लीत आवाज कसा घुमतो ते मला सांगायला नको. जुन्या कॅसेटच्या दोन बाजूंना ए आणि बी म्हटलेलंच नव्हतं, नावं होती 'फोर्टिएथ साइड नॉर्थ' आणि 'फोर्टिफर्स्ट साइड साउथ'. म्हणजे कॅसेट उलटली की तुम्ही वसाहतीच्या या टोकाकडून त्या टोकाला गेलात. बाहेर नाही गेलात. माझा हिरो सुटलेला नव्हताच. चार वर्षं मी त्याला उगाच गाडीत बसवत होतो.

व्यवसायाने मी डीटीपीवाला. तेवीस वर्षं पानं लावतोय, त्यामुळे क्रम हे माझं दुखणं आहे हे मान्य. एका दिवाळी अंकात बाइंडरने सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला गठ्ठा, चुकीच्या जागी घातला होता. कवितांचा फर्मा होता. अंक गावभर गेला, एकाही वाचकाने चकार शब्द काढला नाही. फक्त एका कवीचा फोन आला की यंदा माझी कविता चांगल्या जागी लावलीत, आभार. पुढच्या वर्षी दुसऱ्या अंकात कथेचा फर्मा चुकला. दुपारपर्यंत अकरा फोन.

तर माझं मागणं हे. मोठा अल्बम मी त्यालाच म्हणतो ज्याचा फर्मा चुकला तर फोन येतो. गाणी एकेकटी फर्मास असतील तर चांगलंच आहे, पण तो कवितांचा फर्मा झाला. आजकाल बावीस-बावीस गाण्यांचे अल्बम येतात, त्यातली सहा उचलून कुठेही ठेवा, कोणाला पत्ता लागणार नाही.

तुम्हाला काय लागतं? नावं नकोत, मागणं सांगा. नाव आलंच तर कशासाठी आलं ते सांगा.

फास्ट_नाही_स्लो (ठाणे)

बायको आणि आई घरात असताना स्पीकरवर लावता यावा. तीस वर्षांत असे तीन सापडले.

थाप_आणि_तोडा (नारायणगाव)

फर्मासाहेब, लेख झकास, पण मुद्द्याशी भांडण आहे.

मी ढोलकी वाजवतो. उमेदीची सहा वर्षं फडात काढली, आता लग्नसराईत ऑर्केस्ट्रा आणि बाकीचा वेळ द्राक्षबाग. मला इंग्रजी तुमच्याएवढंही येत नाही. त्यामुळं रॅपर काय म्हणतो हे माझ्यापर्यंत सगळ्यात शेवटी पोचतं. आधी पोचतो तो ठेका. आणि मला हवं काय, तर ठेका माणसानं वाजवल्यासारखा वाटावा. मशीनवर केलेला असला तरी.

डेट्रॉइटचा जे डिला म्हणून एक होता. हे लोक एमपीसी नावाच्या डब्यावर रबराच्या चौकोनांना बोटांनी टिपून ताल भरतात. त्या डब्यात एक सोय असते, तुमचा ठोका मागंपुढं पडला तर तो आपोआप ओढून मापात बसवते. डिला ती सोय बऱ्याचदा बंद ठेवायचा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, स्पीकरच्या वायरमध्ये काहीतरी गडबड आहे. ठोका किंचित उशिरा. मग पुढचा जरा घाईनं. सम चुकतेय असं वाटतं आणि चुकत नाही. आमचे उस्ताद लावणीला असं वाजवायचे. नाचणारीचं पाऊल पडायच्या आत थाप मारायची नाही, पाऊल पडू द्यायचं आणि मग केसभर मागून यायचं. ते केसभर शिकवता येत नाही, ते मला सहा वर्षांत चार-पाच रात्रीच जमलं असेल.

त्याचा 'डोनट्स' ७ फेब्रुवारी २००६ ला आला, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवसाला. तीन दिवसांनी माणूस गेला. त्यातलं काही काम आजारपणात, दवाखान्यात केलेलं. एकतीस छोटे छोटे तुकडे आहेत आणि तोंडानं रॅप कुणीच करत नाही. आता कुणी म्हणेल मग तो रॅपचा अल्बम कसा? मी म्हणतो सगळ्यात चांगला तोच, बडबड नाही. आणि तुमच्या क्रमाचं म्हणाल तर त्यानं पहिल्याच तुकड्याचं नाव ठेवलंय 'आउट्रो'. म्हणजे समारोप. शेवट संपतो तो पुन्हा सुरुवातीला जाऊन चिकटतो. लावा तुमचे फर्मे!

पण अगदी खोटं बोलणार नाही. क्रमाची किंमत मला फडानं शिकवली आहे. आधी गण, मग गौळण, मग बतावणी, लावण्या आणि शेवटी वग. एका जत्रेत जनरेटर दोनदा बंद पडला, उशीर झाला, पुढं बसलेली पोरं शिट्ट्या मारायला लागली म्हणून मॅनेजरनं थेट लावणीच सोडली. पोरं खूश. पण पुढच्या रांगेत पटकेवाले सात-आठ म्हातारे होते, ते उठून उभे राहिले. आरडाओरडा नाही, काही नाही. त्यातला एक एवढंच म्हणाला, "गण झाला नाही, आम्ही अजून आलेलोच नाही." आणि बसेनात. शेवटी दोन लावण्या झाल्यावर गण घ्यावा लागला. मी तेवीस वर्षांचा होतो, मला हसू आलं होतं. आता येत नाही.

राहता राहिली बतावणी. हे रॅपवाले मध्येमध्ये जे संवाद घालतात, स्किट म्हणतात त्याला, ती आमची बतावणीच की. डे ला सोलनं १९८९ मध्ये पहिल्या अल्बममध्ये टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेसारखं सोंग आणलं, तेव्हापासून सगळ्यांनाच ती चटक लागली. माझं म्हणणं, बतावणी रेकॉर्ड करूच नये. बतावणी रोज रात्री नवी पाहिजे, त्या गावच्या सरपंचाचं नाव घेऊन. डब्यात भरलेली बतावणी दुसऱ्यांदा ऐकली की शिळी भाकरी. मला मोठ्या अल्बममध्ये स्किट नको. कुणाचंही.

कलगी-तुऱ्याचं, म्हणजे शाहिरांच्या सवाल-जवाबाचं, मुद्दाम काढत नाही. ते दरवेळी कुणीतरी काढतंच.

फास्ट_नाही_स्लो (ठाणे)

कलगी-तुरा!

परसदार (एडिसन, न्यू जर्सी)

थाप_आणि_तोडा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. पण स्किटवर मी भांडणार.

मी २००९ मध्ये नवऱ्याच्या मागे इथे आले. एच-४ व्हिसा, म्हणजे तेव्हा राहायचं पण नोकरी करायची नाही. पुण्यात आठ वर्षं बँकेत होते, इथे दिवसभर घरात. गाडी चालवता येत नव्हती, पायी जाण्यासारखी एकच जागा, लायब्ररी. तिथून एकेक सीडी आणायचे. लॉरिन हिल या रॅपर-गायिकेचा 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल' कव्हर बघून उचलला. शाळेच्या बाकावर कोरल्यासारखा तिचा चेहरा.

तो सुरू कसा होतो माहीत आहे का? शाळेची घंटा होते आणि वर्गात हजेरी. शिक्षक एकेक नाव घेतात, मुलं 'हजर' म्हणतात. मग तिचं नाव येतं. उत्तर नाही. पुन्हा घेतात. नाही. आणि मग तिचं गाणं सुरू होतं. मी भाजी निवडत होते. निवडणं थांबलं. तेव्हा माझं नाव असलेली कुठली हजेरीच उरली नव्हती, ना ऑफिसची ना सोसायटीची. गेल्या सोळा वर्षांत तो तुकडा शंभर वेळा तरी ऐकला असेन. शिळा झालेला नाही.

पुढे गाण्यांच्या मध्ये तो वर्ग परत परत येतो. शिक्षक मुलांना विचारतात, प्रेम म्हणजे काय, आणि मुलं एकमेकांना तोडत, हसत, अडखळत उत्तरं देतात. ते लिहून दिलेलं वाटत नाही. साउथ ऑरेंजला तिच्या घरच्या दिवाणखान्यात मुलांना बसवून रेकॉर्ड केलं होतं, माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. शिक्षक झालेला माणूस तेव्हा खरोखरच शिक्षक होता. रास बराका. २०१४ मध्ये तो नेवार्कचा महापौर झाला. आता माझं ऑफिस नेवार्कला आहे. ऑफिसात त्याचं नाव निघालं की सगळे पाण्याच्या पाइपांबद्दल आणि करांबद्दल बोलतात, आणि माझ्या डोक्यात हजेरी सुरू होते.

तर माझं मागणं. रॅपरने मध्ये मध्ये गप्प बसावं आणि दुसऱ्याला बोलू द्यावं. हा प्रकारच 'मी, मी, मी'चा आहे, त्यात वाईट काही नाही, आपल्याकडे नाट्यसंगीतात तरी दुसरं काय असतं. पण पाऊण तास एकच माणूस बोलत राहिला की मला एखाद्या मोठ्या दिरासमोर बसल्यासारखं होतं. केंड्रिक लमारच्या २०१२ च्या अल्बममध्ये त्याची आई फोनवर निरोप ठेवते, माझी व्हॅन परत आण म्हणून. बाप मागून त्याच्या डॉमिनोच्या सोंगट्यांसाठी ओरडतो. कॉम्प्टनमध्ये, म्हणजे त्यांच्याच गावात, पोरगा कुठल्या संकटात आहे त्याचा त्यांना पत्ता नाही, त्यांना गाडी हवी आहे. ते दोन आवाज काढून टाका, अल्बम अर्धा होईल.

आणि फर्मासाहेब, 'इल्मॅटिक' मलाही आवडतो, पण त्यात एकही बाई बोललेली मला आठवत नाही. शहाण्णव इमारती म्हणता. त्यात बायका नव्हत्या का राहत?

सोळापानी_फर्मा (डोंबिवली)

परसदार, लागलं. खरंच लागलं. उत्तर द्यायला म्हणून काल रात्री पुन्हा अख्खा ऐकला. तुमचं बरोबर आहे. बाईंबद्दल बोललं जातं, बाई बोलत नाही. वीस वर्षांत माझ्या हे डोक्यात आलं नव्हतं, आणि मी स्वतः ज्या चाळीत वाढलो तिथे सकाळी नळावर फक्त बायकांचेच आवाज असायचे.

फक्त एक बाजू मांडू द्या. 'वन लव्ह' हे गाणं म्हणजे तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेली पत्रं आहेत. बाहेर काय चाललंय, कोण भेटलं, तुझ्या घरी काय स्थिती आहे. शेवटच्या कडव्यात तो बाकावर बसतो आणि बारा वर्षांच्या एका पोराशी बोलतो, जो आत्ताच त्याच वाटेने निघालाय. आमच्या चाळीत माझे वडील दुसऱ्यांची पत्रं लिहून द्यायचे. गावाकडची, मस्कतची. मी खाली बसून ऐकायचो. पत्रात सगळ्यात आधी पैशाचं यायचं नाही, आधी कोणाचा पोरगा कोणाबरोबर फिरतो ते यायचं. 'वन लव्ह' नेमकं तसं आहे. दुसरा बोलत नाही, पण तो ऐकतोय हे पक्कं कळतं. तुमच्या मागणीत हे अर्ध्या मार्कांना तरी बसेल ना?

आणि घरच्यांचं म्हणाल तर बाप आहे त्यात. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी जे कॉर्नेट वाजतं ते नॅसचे वडील ओलू दारा यांचं. जॅझ वाजवणारा माणूस. एक शब्द न बोलता, पोराचं बोलून झाल्यावर, मागून येऊन वाजवतो आणि जातो. माझे वडील असेच होते. असो.

थाप_आणि_तोडा, 'डोनट्स' ऐकला. ठेका किती मागे आहे हे मला कळलं असं म्हणणार नाही. पण तुम्ही माझ्या विरुद्ध म्हणून जे उदाहरण दिलंत ते माझ्याच बाजूचं आहे. पहिल्याला 'शेवट' म्हणणारा माणूस क्रमाचा विचार करत नव्हता असं कसं म्हणता? केंड्रिकचा 'डॅम' घ्या, २०१७ चा, ज्याला पुढच्या वर्षी संगीताचं पुलित्झर मिळालं. २०१७ च्याच शेवटी त्याने तीच चौदा गाणी उलट्या क्रमाने पुन्हा काढली. गाणी तीच, एक अक्षर बदललेलं नाही. मूळ क्रमात शेवटचं गाणं 'डकवर्थ'. त्यात त्याच्या बापाची गोष्ट आहे. बाप कोंबडीच्या दुकानात काउंटरवर. एक गुंड ते दुकान लुटायच्या बेतात असतो, पण बाप त्याला नेहमी फुकटात कोंबडी देऊन ठेवत असतो, म्हणून वाचतो. वर्षांनंतर तोच गुंड रेकॉर्ड कंपनी काढतो आणि पोराला अल्बम करायला देतो. गोष्ट संपते आणि टेप मागे फिरते, पार पहिल्या गाण्यापर्यंत. उलटा लावला तर हीच गोष्ट सगळ्यात आधी येते, आणि पुढचं सगळं त्या कोंबडीच्या तुकड्यावर उभं राहतं. फर्मा जाणूनबुजून उलटा लावला तरी वाचता येतं असं पुस्तक मी आयुष्यात लावलेलं नाही.

स्लो, तुम्ही ते तीन सांगितलेच नाहीत.

वऱ्हाडी_वर्स (परतवाडा)

काका लोक, तुमचं वाचून राह्यलो दोन दिवसापासून. आता मले बोलू द्या.

माहं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान हाय. वय बावीस. दुकानात दिवसभर गाणे चालू असतात. तुमी सारे क्रम क्रम करून राह्यले. माह्याजवळ गाण्याचं ॲप हाय ते फुकटातलं. त्याच्यात अल्बम लावला का शफलच होते. क्रमानं वाजवाचं असन त दर महिन्याले पैसे भरा. म्हणजे फर्मा काका, तुमचा तो डिस्कमन अन् माहा फोन एकच हाय. तुमाले एबीसीडीनं भेटत होतं, मले कसंबी भेटते. मधात जाहिरात येते ते वेगळी. तुमच्या त्या गाडीच्या मांगून मले एकदा अंडरवेअरची जाहिरात आली होती.

म्हणून मले त असा अल्बम पाह्यजे का जो कुठूनबी उचलला तरी पडला नाई पाह्यजे. दिल्लीच्या सीधे मौत नावाच्या रॅपवाल्या जोडीचा 'लंच ब्रेक' हाय, तीस गाणे. सारे म्हणतात लय लांब हाय. माह्यासाठी बरं हाय, शफल लावलं का दोन दिवस पुरते. पण त्याईचाच 'बयान' हाय, २०१८ चा, तो शफलमध्ये लंगडते हे खरं. तो मी दोस्ताच्या फोनवर क्रमानं ऐकला तवा समजला. म्हणजे तुमचं म्हणनं खोटं नाई, फक्त ते महाग हाय.

दुसरं म्हणजे भाषा. तुमी सारे इंग्रजीतलं सांगून राह्यले अन् सारेच म्हणून राह्यले का आमाले निम्मंच समजते. मंग? मले पुरं समजलं पाह्यजे. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर हाय ना, नाव लिवते '१००आरबीएच', शंभरले 'सौ' वाचाचं. तो वऱ्हाडीत बोलते तवा माह्या दुकानातले गिऱ्हाइक मान वर करून पाह्यतात. टीव्हीवर आमच्यासारखं बोलणारा निस्ता कॉमेडीतच असते, हसाले. हा कोनाले हसवून नाई राह्यला. पुण्याचा एमसी स्टॅन बी मले आवडते, त्याचा 'तडीपार' २०२० चा. ताडीवाला रोडवर जसं बोलतात तसाच बोलते, सुधारून नाई बोलत. पण पुरा अल्बम वऱ्हाडीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्याच्यात कापसाच्या भावाचं असन, परतवाड्याच्या स्टँडवरचं असन, प्रेमाचं बी असन, रडगाणं नसन, असा मले पाह्यजे. तो भेटला का मी त्या महिन्याले पैसे भरतो. मंग क्रमानं ऐकतो.

थाप_आणि_तोडा (नारायणगाव)

पोरा, जिंकलास. तुझ्या त्या वऱ्हाडी अल्बमला ढोलकी लागली तर कळव. केसभर मागून वाजवतो.

परसदार (एडिसन, न्यू जर्सी)

आणि त्यात आईचा फोन ठेवा. दुकान बंद करून घरी ये म्हणणारा.

सोळापानी_फर्मा (डोंबिवली)

वऱ्हाडी_वर्स, क्रम ही पैसेवाल्याची चैन आहे हे मला सुचायला हवं होतं. चाळीस रुपयांच्या सीडीवर चार वर्षं काढलेला माणूस मी. ओरिजनल घेतली तेव्हा ती ३९५ रुपयांची होती आणि घरी किंमत सांगितली नव्हती.

एक काम कर. 'इल्मॅटिक' तुझ्या ॲपवर शफलला लाव, रोज एकदा, आणि गाडी कितव्या नंबरला येते ते इथे टाकत जा. माझी नववी यायची. बघू तुझी कुठे लागते.

फास्ट_नाही_स्लो (ठाणे)

तीनपैकी दोन इन्स्ट्रुमेंटल निघाले, म्हणून सांगत नव्हतो.

वऱ्हाडी_वर्स (परतवाडा)

काका, चार दिवसाचा हिसाब. सोमवारी सहावी. मंगळवारी आलीच नाई, गिऱ्हाइक आलं मधात, बंद करा लागलं. बुधवारी दुसरी. आज चौथी आली, अन् तिच्या मांगं लगेच ते पत्राचं गाणं. म्हणजे स्टेशनावर उतरलो, अन् खाली पाय टेकवत नाई त कोनीतरी हातात चिठ्ठीच देल्ली.